नऊ माणसं, सोळा हजार रुपये आणि फेब्रुवारीतला मंगळवार

डिसेंबरात भिशीची चिठ्ठी माझ्या नावाने निघाली. आमच्या मजल्यावरच्या आठ जणी, महिन्याला दोन हजार, म्हणजे हातात सोळा हजार. पैसे घेऊन घरात शिरले आणि चपला काढता काढता बोलून गेले, "या वेळी पोरांना मोठ्या पार्कात नेऊ या." पोरांनी ते ऐकलं. मग माघार नाही.

ती सहल कशी आखली, कुठे जमली आणि कुठे फसली, ते आकड्यांसकट लिहून ठेवतेय. मी एका औषध कंपनीत डिस्पॅच बघते. गाडी अर्धी रिकामी निघाली किंवा गेटवर तासभर उभी राहिली की माझ्या पोटात दुखायला लागतं. सहलीकडेही मी त्याच नजरेने पाहिलं, आणि घरच्यांनी त्यावरून माझी भरपूर टिंगल केली.

माणसं नऊ. आम्ही लालबागचे पाच: मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. डोंबिवलीहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांचे दोन मुलगे, एक दहाचा, एक चारचा. मुलीला उलटंपालटं करणारं सगळं हवं. माझ्या मुलाला फक्त डायनोसॉर. दहा वर्षांच्या भाच्याने मोबाइलवर निट्रो या रोलर कोस्टरचे इतके व्हिडिओ पाहिलेले की कुठल्या वळणावर कुठल्या बाजूला कलायचं ते त्याला पाठ. नणंदेच्या यजमानांना इमारतीच्या गच्चीच्या कठड्याशीही उभं राहवत नाही. आणि सासूबाईंना साखर.

आधीची सहल

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, रविवारी, आम्ही सात जण मुंबईबाहेरच्या एका वॉटर पार्कला गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण चूक बरीचशी आमचीच होती. दोन भाड्याच्या गाड्या केल्या. पोहोचायला साडेअकरा वाजले. तिकिटाच्या रांगेत पाऊण तास गेला. पोरांना घरच्या सुती चड्ड्या-टीशर्टवर पाण्यात सोडेनात, कारण सुती कपडा पाणी पितो, त्याचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. नियम अगदी बरोबर आहे, पण तो आम्हाला खिडकीशी कळला. मग सातही जणांचे नायलॉनचे कपडे भाड्याने घेतले, वर अनामत रक्कम भरली. खाण्यासाठी एका कार्डात पैसे भरायचे होते, आणि उरलेले परत मिळवायला संध्याकाळी आणखी एक रांग. त्या रांगेत नवरा उभा असताना पोरं ओल्या केसांनी कुडकुडत होती.

घरी येऊन हिशेब मांडला. एकूण खर्च साडेसतरा हजार, माणशी अडीच हजार. प्रत्येकाच्या वाट्याला आल्या चार-चार घसरगुंड्या. सात माणसांच्या अठ्ठावीस फेऱ्या, म्हणजे एक फेरी पडली ६२५ रुपयांना. साधारण तेवढ्या पैशांत मी महिन्याचं दूध भागवायचे अशी वर्षं मला आठवतात.

जत्रेत असं होत नाही. माहीमच्या उरुसात किंवा माउंट मेरीच्या जत्रेत पाळण्यागणिक पैसे द्यायचे असतात. रांग लांब दिसली की माणूस पुढे जातो, पैसे खिशातच राहतात. मोठी पार्कंही सुरुवातीला अशीच होती. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथे 'ए'पासून 'ई'पर्यंत कुपनं चालायची, सगळ्यात भारी पाळण्याला 'ई'चं कुपन. १९८२ मध्ये ती पद्धत संपली आणि दारात एकदाच पैसे भरून दिवसभर काहीही, असा व्यवहार सुरू झाला. आपल्याकडची पार्कं याच दुसऱ्या पद्धतीने चालतात. आता यातली मेख बघा. सगळे पैसे दारात दिले की आत गेल्यावर पैसा म्हणजे मिनिटं. तिकिटावर शंभर रुपये वाचवून रविवारी जाणारा माणूस रांगेत उभा राहून ते शंभर कितीतरी पटीने फेडतो. मागच्या वेळी आम्ही तिकिटाची कूपनं शोधण्यात तीन रात्री घालवल्या होत्या. वार कुठला निवडावा यावर तीन मिनिटंही नाहीत.

कुठे

सिंगापूरचा विषय नणंदेच्या यजमानांनी काढला होता. त्यांच्या ऑफिसातला कोणीतरी सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला जाऊन आला होता. नऊ पासपोर्ट म्हटल्यावर विषय तिथेच मिटला. खरं तर सासूबाईंनी मिटवला, "आधी माझं रेशन कार्डावरचं नाव नीट करा."

गोराई जवळचं. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते, आणि मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीने तिथे जाणं हीच अर्धी सहल असायची. ते एस्सेलवर्ल्ड आता बंद झालंय. शेजारचं वॉटर किंग्डम आहे, पण पाणी म्हटलं की सासूबाई दिवसभर खुर्चीत आणि पुन्हा नायलॉनचे कपडे. शिवाय भाच्याला निट्रो हवा होता.

म्हणून इमॅजिका. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीला. २०१३ मध्ये सुरू झालं. तिथला निट्रो स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबियार कंपनीचा आहे. पायाखाली फरशी नसलेला, म्हणजे पाय अधांतरी आणि डब्यात एका ओळीत चौघे. माझ्या मुलासाठी राजासॉरसची बोट होती. हा डायनोसॉर कोणी कल्पनेने रचलेला नाही. गुजरातेत, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठरलं. मुलाने हे वर्गात सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून त्याला तिथे जायचंच होतं. तिथे वॉटर पार्क वेगळं आहे, पण दोन्ही एका दिवसात करायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. दोन्हींचं एकत्र तिकीट घेऊन दोन्हीकडे अर्धं-अर्धं पाहणारी माणसं मला माहीत आहेत.

कधी

यावर मी सगळ्यात जास्त डोकं चालवलं, आणि पहिला अंदाज साफ चुकला.

डिसेंबरातला बुधवार घ्यावा असं माझ्या मनात होतं. थंडी, आठवड्याचा मधला वार, ऑफिसं चालू, शाळा चालू. मुलीने एका वाक्यात पाडलं, "मम्मी, आमची सहल बुधवारीच आहे." खरंच की! आपल्याकडे शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीतच निघतात, आणि त्याही सुट्टी सोडून. एका शाळेच्या चार-पाच बस. अशा सात-आठ शाळा एकाच दिवशी आल्या की बुधवारचा रविवार होतो. वर सगळी पोरं मोठ्या पाळण्यांच्याच वयाची.

मे आणि दिवाळीची सुट्टी नकोच. पावसाळ्यात गर्दी कमी असते हे खरं, पण विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे उंच पाळणे थांबवावेच लागतात, आणि रायगडातला जुलै काय असतो ते सांगायला नको. गणपतीत तर आम्ही लालबाग सोडत नाही. सोडायचं म्हटलं तरी चिंचपोकळीच्या पुलापर्यंत पोहोचता येत नाही.

उरला फेब्रुवारी. सहलींचा मोसम ओसरलेला. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, त्याच्या मागोमाग दहावी, म्हणजे कॉलेजची टोळकी घरात आणि ज्यांच्या घरी परीक्षा तेही घरात. पाऊस नाही, ऊन अजून बेतात. पोरांची एका दिवसाची शाळा बुडेल, बुडू दे. मंगळवार धरला. सोमवारला काही लोक शनिवार-रविवार जोडतात, शुक्रवारला पुढचे जोडतात. सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावून शिवजयंतीच्या आठवड्यावर काट मारली. नंतर पार्कात फोन करून सरळ विचारलं, "त्या दिवशी शाळांचं मोठं बुकिंग आहे का?" पलीकडच्या मुलीने आकडा सांगितला नाही, पण "विशेष नाही" म्हणाली. एवढं पुरे.

तिकिटं ऑनलाइन काढली. इथे एक सावधगिरी. दर दिवसागणिक बदलतो आणि जाहिरातीतल्या आकड्यावर कर शेवटच्या पानावर चढतो. थीम पार्कच्या प्रवेशावरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २०१८ च्या जानेवारीत तो १८ झाला. पण १८ टक्के म्हणजे पाच माणसांच्या तिकिटामागे जवळजवळ आणखी एक माणूस. म्हणून तुलना करायची ती पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या आकड्याची.

सासूबाईंचं तिकीट

माझ्या पहिल्या तक्त्यात सासूबाई पार्कात नव्हत्याच. महडचा वरदविनायक खोपोलीच्या अगदी जवळ, पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्याने पुढे. नणंदेचे यजमान पाळण्यात बसणार नाहीत, सासूबाई बसणार नाहीत, मग दोघांनी अष्टविनायकांपैकी दोन करावेत आणि दोन तिकिटं वाचावीत. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

सासूबाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला. "अगं, गणपती मी आठही केलेत, तुझं लग्न व्हायच्या आधी. हे नाही पाहिलं मी."

"आई, पण आत तुम्हाला काय करता येणार?"

"ते मी बघते. तिकीट काढ."

काढलं. ज्येष्ठांचा दर कमी असतो, पण तेवढ्याने माझा ताळा बिघडलाच. डिस्पॅचच्या भाषेत ती गाडी रिकामी धावणार होती. (धावली नाही, पण ते पुढे.)

चार वर्षांच्या भाच्याचं तिकीट लागलं नाही. आपल्याकडे बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयापेक्षा उंचीवर ठरतं, आणि मोठ्या पाळण्यांत बसायला मिळणार की नाही तेही उंचीवरच. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी नणंद पोरांना घेऊन लालबागला आली, आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला चारही पोरांना पाठ लावून उभं केलं. डोक्यावर वही आडवी, पेन्सिलीची रेघ, शिवणाच्या टेपने माप. मोठा भाचा रेघेच्या वर बोटभर भरला. "निट्रो पक्का!" म्हणून त्याने जी उडी मारली, तिने खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्याच्या पायात काय होतं, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही.

कसं

ट्रॅव्हलवाल्याने दोन गाड्यांचे जाऊन-येऊन, टोलसकट, दहा हजार सांगितले. म्हणजे जवळपास आमच्या सगळ्या तिकिटांएवढे. मोठा गट असेल तर एसटी महामंडळाची अख्खी बस प्रासंगिक करारावर मिळते, पण ती चाळीस-पन्नास माणसांसाठी परवडते. नऊ जणांना लोकलच.

मुंबईकराला लोकलने सहलीला जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे सकाळी आठचं ठाणे येतं. पण सकाळी सगळा लोंढा सीएसएमटीकडे असतो आणि आपण जातो उलटे. संध्याकाळी तो लोंढा कर्जतकडे निघतो तेव्हा आपण पुन्हा उलटे. दादरहून कर्जत गाडीत आम्हा पाचही जणांना बसायला मिळालं, डोंबिवलीला चौघे चढले त्यांनाही मिळालं. रविवार असता तर मेगाब्लॉक बघावा लागला असता, मंगळवारी ती कटकट नाही. कर्जतला उतरून वडा खाल्ला, चहा घेतला. खोपोलीची गाडी तिथून सुटते: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. मुलाने प्रत्येक स्टेशनची पाटी मोठ्याने वाचली. शेजारी बसलेल्या भाजीवाल्या मावशींनी त्याला एक गाजर दिलं.

खोपोलीहून पालीची एसटी पार्कच्या फाट्यावरून जाते. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट, २०२२ पासून. बायकांना अर्धं तिकीट, २०२३ पासून. सासूबाईंनी कंडक्टरने विचारायच्या आधीच आधार कार्ड पुढे केलं, आणि उतरेपर्यंत हातातच ठेवलं. घरातून पावणेसहाला निघालेलो, दहाला पार्कच्या फाटकासमोर होतो. पार्क उघडतं उशिरा, साडेदहा-अकराच्या सुमाराला. म्हणूनच आदल्या रात्री खोपोलीत लॉज घेण्याचा सल्ला मी धुडकावला होता. जे पार्क सकाळी उशिरा उघडतं त्याच्यासाठी मुक्कामाचे तीन हजार कशाला?

फाटकाबाहेर सावलीत बसून डबे संपवले. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही. पराठे, शेंगदाण्याची चटणी, केळी. सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या आणि दोन राजगिऱ्याच्या वड्या मात्र बॅग तपासणाऱ्या मुलीला आधी सांगून, औषधाची चिठ्ठी दाखवून सोबत ठेवल्या.

आत, घड्याळ धरून

रांगेबद्दल मला कोणी शिकवायला नको. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं, आणि मी या भागात जन्मापासून. नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग, दोन्ही मी खिडकीतून पाहत मोठी झाले. नवसाच्या रांगेत माणूस रात्रच्या रात्र उभा, कारण पुढचा प्रत्येक जण पायापाशी थांबतो. मुखदर्शनाची रांग त्याहून लांब असली तरी सरकते, कारण तिथे कोणी थांबत नाही, चालता चालता हात जोडतो. रांग किती लांब आहे त्याला अर्थ नाही, ती कशी सुटते त्याला आहे.

पार्कातही अगदी तेच. काही राइड गाडीसारख्या भरतात: सगळे बसणार, पट्टे आवळणार, माणूस येऊन एकेक तपासणार, मग सुटणार. तोवर मागचे उभे. काही राइड बोटीसारख्या सतत भरत राहतात, एक गेली की दुसरी हजर. दुसऱ्या जातीची रांग बाहेरून कितीही भयंकर दिसली तरी पळते. म्हणून पहिल्या जातीच्या राइड सकाळी जेवणाआधीच उरकायच्या, आणि बोटी, शो, बंद थिएटरातलं सगळं भर दुपारी, ऊन तापल्यावर.

मुलीने यावर शंका काढली, तेव्हा एका गोल फिरणाऱ्या पाळण्यापुढे उभं राहून तिच्याकडूनच मोजून घेतलं. एका फेरीत चोवीस जण. एका फेरीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत चार मिनिटं. म्हणजे मिनिटाला सहा. आपल्या पुढे माणसं किती? तिने बोट दाखवत मोजली, साधारण नव्वद. पंधरा मिनिटं. "थांबायचं की नाही, तू ठरव," म्हटलं. तिने पुढचा पाळणा धरला, आणि त्यानंतर दिवसभर तीच मोजत होती. तेराव्या वर्षी आईचं ऐकायचं नसतं, पण गणिताचं ऐकता येतं बहुतेक.

दुसरी गोष्ट लालबागचीच. दार उघडलं की सगळे जे पहिलं मोठं दिसेल तिकडे धावतात. आम्ही नकाशाचा फोटो आदल्या रात्री पाहून ठेवला होता. सरळ आतल्या टोकाला गेलो आणि उलटे बाहेरच्या दिशेने येत राहिलो. जेवणाआधीच मुलगी, मी आणि नवरा यांच्या पाच मोठ्या राइड झाल्या. पाचवीनंतर माझं डोकं गरगरत होतं ते वेगळं.

जेवण बाराच्या आत. एकला जेवायला गेलात तर टेबलाची रांग वेगळी आणि काउंटरची वेगळी. पावणेबाराला आम्ही जवळजवळ एकटे होतो. सासूबाईंनाही वेळेवर खायला मिळालं. आतलं खाणं महागच असतं, ते धरूनच दोन हजार बाजूला ठेवले होते.

आता फसलं ते.

निट्रोच्या दारात उंची मोजायची पट्टी. भाचा ऐटीत उभा राहिला. तिथल्या मुलाने पायांकडे पाहिलं, दोन बोटं बुटाच्या टाचेशी धरली आणि म्हणाला, "बूट काढ, दोस्ता." जाड टाचेचे, नवे, खास सहलीसाठी घेतलेले बूट. जानेवारीतल्या मापाच्या वेळी तो तेच घालून उभा होता, नवे म्हणून घरातही काढत नव्हता. बूट काढल्यावर पट्टी डोक्याच्या वर राहिली. फार नाही, पण राहिली. पट्टीशी उभ्या त्या मुलाने हुज्जत घातली नाही, आवाजही चढवला नाही. "नाही होणार" एवढंच म्हणाला, आणि ते बरोबरच होतं, कारण खांद्यावरचा पट्टा त्या उंचीच्या अंगाला बसतच नाही. भाचा बूट हातात घेऊन तसाच मोज्यांवर बाहेर चालत आला. नणंद माझ्याकडे बघत होती. माझा तक्ता, माझं माप.

मग अर्धा तास काहीच आखणीप्रमाणे झालं नाही. तो कुठे बसेना, काही खाईना. नणंदेच्या यजमानांनी त्याला आपल्याबरोबर राजासॉरसच्या बोटीत नेलं, आणि तिथे माणूस डायनोसॉरपेक्षा मोठ्याने ओरडला म्हणे. माझ्या मुलाच्या सांगण्याप्रमाणे काका बोटीच्या उतारावर "आई गं, आई गं" करत होते. ते ऐकून भाच्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उगवलं. त्या काकांनी दिवसभरात एवढी एकच फेरी केली.

दुसरं छोटं फसलं ते असं. आठही तिकिटं नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होती. आत जाऊन दोन गट झाल्यावर दुसऱ्या गटाला एका ठिकाणी तिकीट दाखवायचं होतं आणि नवरा पलीकडच्या टोकाला. वीस मिनिटं गेली. तिकिटांचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये हवा, ही गोष्ट डिस्पॅचमध्ये काम करणाऱ्या बाईला सुचायला हवी होती.

आणि रिकामी धावणारी गाडी? सासूबाई चार वर्षांच्या धाकट्याला घेऊन घोड्यांच्या गोल पाळण्यात तीनदा बसल्या. बोटीत एकदा. अंधारातल्या गोळी मारायच्या खेळात एकदा, आणि तिथे त्यांचे गुण नवऱ्यापेक्षा जास्त आले, हा स्कोअर त्यांनी लालबागला परत येईस्तोवर तीन वेळा सांगितला. त्यांच्यामुळे धाकट्याला सांभाळायला कोणी मोठ्याने अडकून पडायची गरज उरली नाही. आमच्यातले तीन मोठे मिळून निदान दहा फेऱ्या तरी जास्त फिरलो. म्हणजे ज्येष्ठांच्या तिकिटाची वसुली दुपारपर्यंत झाली होती. त्यांना हे सांगितलं नाही. "मला काय राखणीला नेलं होतंस का" असं म्हणाल्या असत्या, आणि त्यांचं चुकलं नसतं.

हिशेब

परतीला एसटीवर विसंबलो नाही, कारण संध्याकाळी गाड्या विरळ होतात. सकाळीच फाट्यावरच्या दोन रिक्षावाल्यांशी बोलून ठेवलं होतं, तेवढं एक बरं केलं. कर्जतहून दादरकडे येणाऱ्या गाडीत पुन्हा सगळ्यांना जागा. धाकटा दोन बाकांच्या मधल्या पिशवीवर झोपला.

तिकिटं १०,६४०. रेल्वे ४८०. एसटी आणि परतीच्या रिक्षा ८००. आतलं जेवण-पाणी १,८५०. कर्जतचे वडे-चहा ४२०. लॉकर २००. फुगा, एक फोटो आणि भाच्याची समजूत काढायला घेतलेली टोपी, मिळून ३५०. एकूण १४,७४०. भिशीतले १,२६० उरले.

फेऱ्या नऊ जणांच्या मिळून ८८. म्हणजे एक फेरी साधारण १६८ रुपयांना. मागच्या वेळी ६२५. नवऱ्याने विचारलं, सासूबाईंचे तीन घोडे एका निट्रोबरोबर कसे मोजतेस? मोजते. आमच्याकडे बॉक्स हा बॉक्स असतो, आत काय आहे ते बघत नाही.

तिकिटाच्या दरात मात्र मी फारसं वाचवलं नाही, हे सांगायला हवं. आणखी शे-दोनशेची सवलत शोधत बसले असते तर मिळाली असती बहुधा. वाचलं ते गाडीभाड्यात आणि मंगळवारात. आणि पास घेऊन रांग टाळायची सोय असते तिकडे मी फिरकलेसुद्धा नाही. मंगळवारी फेब्रुवारीत जिथे पंधरा मिनिटंच थांबायचं आहे तिथे ती विकत कोणी घ्यावी? मे महिन्यातल्या रविवारी जायचंच असेल तर मात्र त्या पासाचा हिशेब जरूर करून बघावा, कदाचित गाडीभाड्यातून तो निघेल.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी भाचा आठवडाभर आमच्याकडे राहायला आला. आल्या आल्या पिशवी खाली टाकून चौकटीपाशी गेला. बूट दाराबाहेर काढून आलेला. सासूबाईंनी डोक्यावर वही धरली, मी टेप धरला. जानेवारीतल्या रेघेपर्यंत अजून पोहोचला नव्हता. खाली नवी रेघ मारली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'अनवाणी'.